लेटंट डिफेक्ट म्हणजे नक्की कुठला दोष? मराठीत काय लिहू?

गच्चीवरचा_कावळा
मंडळी, प्रश्न शब्दाचा आहे पण मूळ बाथरूममध्ये आहे, म्हणून आधी बाथरूम. फ्लॅटचा ताबा घेऊन ३ वर्षं ८ महिने झाले. दिवाळीनंतर आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल यायला लागली, आधी रंग फुगला, मग पोपडे, मग खालच्या मजल्यावरचे काका छताचा फोटो घेऊन वर आले. प्लंबरने टाइल फोडली तर आत भिंतीत गाडलेल्या पाइपचा जॉइंट. नुसता घुसवलेला, चिकटवायचं सोल्युशन धड लावलेलंच नाही. चौकशी केली तर बिल्डिंगमधे आमच्यासकट अशी सहा घरं निघाली. सोसायटीने बिल्डरला पत्र दिलं तर त्याच्याकडून इंग्रजीत दोन पानी उत्तर आलंय आणि त्यात एक वाक्य असं की सदर दोष लेटंट नसून पेटंट आहे, ताबा घेतानाच तुम्हाला दिसायला हवा होता, सबब आमची जबाबदारी नाही.

आता कमिटीने मला (मराठी बरं लिहितो या गुन्ह्याखाली) सभासदांसाठी मराठी परिपत्रक करायला सांगितलंय. सेक्रेटरींनी आधी स्वतः केलं होतं त्यात लेटंट डिफेक्टला 'उशिरा दिसलेला दोष' लिहिलंय आणि पेटंट डिफेक्टला 'पेटंट घेतलेला दोष'. लेटंटचा अर्थ मलाही उशीरवालाच वाटायचा, खोटं कशाला बोलू. योग्य शब्द सुचवा.

चिंचगुळाची_आमटी
पेटंट घेतलेला दोष 😂😂 बरोबरच आहे की, सहा घरांत सेम दोष म्हणजे त्याने पेटंट घेतलेलंच असणार

व्युत्पत्तीवेडा
लेटंट आणि लेट यांचा काहीएक संबंध नाही, हे आधी सेक्रेटरींना सांगा. लेट हा इंग्रजीचा घरचा जुना शब्द, मूळ अर्थ मंद, रेंगाळणारा. लेटंट आला लॅटिनमधून, 'लातेरे' म्हणजे लपून असणे. त्याच्यासमोर 'पातेरे' म्हणजे उघडं असणे, त्यावरून पेटंट. म्हणजे ही जोडी झाकलं-उघडं अशी आहे, लवकर-उशिरा अशी नाहीच. शोधाचं पेटंटसुद्धा यातलंच, राजाचं उघडं पत्र, कुणीही वाचावं असं. म्हणून पेटंट मिळवायला शोध कागदावर उघड करून दाखवावा लागतो. आपल्याला उगाच वाटतं पेटंट म्हणजे काहीतरी कुलुपात ठेवलेलं.

अवांतर: ग्रीकमधेही लपण्यासाठी 'लॅन्थानेन' क्रियापद आहे, त्यावरून लॅन्थेनम हे मूलद्रव्य. १८३९ साली स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ मोसांडरला सीरियमच्या ऑक्साइडमधे दडलेलं सापडलं म्हणून हे नाव. म्हणजे लपाछपीत सापडलेला गडी.

काळा_कोट
वकील आहे पण हा सल्ला नाही, तुमची कागदपत्रं मी बघितलेली नाहीत. शब्दापुरतं बोलतो.

पेटंट दोष म्हणजे घेणाऱ्याने साधारण काळजी घेऊन बघितलं असतं तर दिसला असता असा. लेटंट म्हणजे तशी काळजी घेऊनही दिसला नसता असा. कसोटी तुम्हाला दिसला की नाही ही नाही, दिसण्यासारखा होता का ही आहे. खूप लोक इथे घसरतात, 'मी बघितलं नव्हतं म्हणून लेटंट' असं नसतं. खिडकीची काच तडकलेली आहे आणि तुम्ही पडदा बाजूला न करताच सही केलीत तर तो दोष पेटंटच.

आपल्याकडे ही कल्पना जुनी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे, विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊन कळलाही नसता असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. १९३० च्या माल विक्री कायद्यातही तेच सूत्र, माल तपासून घेतला असेल तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल नंतर ओरडता येत नाही, जे दिसणं शक्यच नव्हतं त्याबद्दल येतं.

पण आता गंमत बघा. रेराच्या (बिल्डर आणि फ्लॅट घेणाऱ्यांच्या व्यवहारांवरचा कायदा) कलम १४ मधलं पोटकलम ३ काढून वाचा. त्यात लेटंट हा शब्दच नाही, आणि पेटंटही नाही. तिथे स्ट्रक्चरल दोष, किंवा कामाच्या कारागिरीतला, दर्जातला, सेवा पुरवण्यातला इतर कुठलाही दोष, असं आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत प्रमोटरच्या, म्हणजे बिल्डरच्या, निदर्शनास आणला तर त्याने ३० दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा, नाही केला तर नुकसानभरपाई. म्हणजे जे विशेषण कलमात नाहीच त्यावर बिल्डरने दोन पानं खर्च केलीत. तुमची ५ वर्षं अजून संपलेली नाहीत, एवढं बघा आणि लेखी द्या, पोच घ्या.

गच्चीवरचा_कावळा
वकीलसाहेब 🙏 पोच घेतलीय, शिक्क्यासकट. पण परिपत्रकात शब्द तरी लिहावाच लागणार ना, कारण बिल्डरच्या पत्राचा मराठी सारांश द्यायचाय. सध्या 'सुप्त दोष' लिहून ठेवलंय.

मोरपिशी_पेन
सुप्त नको हो. सुप्त म्हटलं की शाळेचं प्रगतिपुस्तक आठवतं, 'विद्यार्थ्याच्या सुप्त गुणांना वाव द्यावा'. बिल्डरच्या सुप्त दोषांना वाव दिल्यासारखं वाटेल.

गोळ्या_वेळेवर_घ्या
डॉक्टरकी करते म्हणून सुप्तच्या बाजूने बोलते. आमच्यात लेटंटचं भाषांतर सुप्त हेच बसतं. लेटंट टीबी म्हणजे जंतू शरीरात आहेत पण माणूस आजारी नाही, खोकत नाही, दुसऱ्याला देत नाही. पुढे प्रतिकारशक्ती कमी झाली तर उठू शकतात. किंवा लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो व्हायरस मज्जातंतूंच्या मुळाशी पडून राहतो आणि साठीनंतर कधीतरी नागीण होऊन बाहेर येतो. इतकी वर्षं तो काय करत होता? झोपला होता. मग सुप्त चूक कसं?

व्युत्पत्तीवेडा
डॉक्टर, तुमच्या बाबतीत चूक नाहीच. इंग्रजीने एकाच शब्दात दोन कामं उरकलीत. तुमच्याकडे लेटंट म्हणजे आहे पण निष्क्रिय, आणि वकिलांकडे लेटंट म्हणजे आहे, त्याचं काम चोख करतोय, फक्त दिसत नाहीये. कावळ्याचा जॉइंट काय झोपला होता का? तो पहिल्या दिवसापासून वाईटच होता. हळूहळू पाणी सोडत असेल किंवा दाब वाढल्यावर सोडलं असेल, पण दोष म्हणजे ओल नव्हे, दोष म्हणजे सोल्युशन न लावलेला जॉइंट. ओल हा नंतरचा परिणाम. 'सुप्त' लिहिलंत तर बिल्डर म्हणेल की बघा, ताबा देताना दोष झोपला होता म्हणजे नव्हताच, नंतर तुमच्या वापराने जागा झाला. 'उशिरा दिसलेला' मधे तर याहून मोठं भगदाड आहे, तिथे सगळा भार दिसण्याच्या तारखेवर जातो.

तिसरी_घंटा
शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या पुस्तकात लेटंट हीट म्हणजे 'अप्रकट उष्मा'. हिंदीवाले गुप्त ऊष्मा म्हणतात. बर्फाला उष्णता देत राहायची आणि थर्मामीटर शून्यावर हटून बसलेला, सगळा बर्फ वितळेपर्यंत हलत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला साधारण ८० कॅलरी लागतात आणि त्या पाऱ्याला दिसतच नाहीत. जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकात हे पकडलं आणि लेटंट म्हणाला. इथे उष्णता झोपलेली नाही, बर्फ फोडायचं काम करतेय, फक्त मोजणाऱ्याला दिसत नाही. वकिलांच्या अर्थाला हे जास्त जवळचं. माझं मत 'अप्रकट दोष'.

चिंचगुळाची_आमटी
अप्रकट म्हटलं की देव प्रकट होतात तसं दोष प्रकट झाला, धूप-आरती करा असं वाटतं

१४_आणे
आमच्याकडे यायला हवं तुम्ही सगळ्यांनी, लेटंट डिफेक्ट काय असतो ते सुरीने कापून दाखवतो. बाग आहे आमची देवगड बाजूला. हापूस बाहेरून सोन्यासारखा, वास घमघमतोय, डाग नाही, देठ चांगला, आणि कापला की आत कोयीला लागून पांढरट स्पंजासारखा आंबट भाग. त्याला आम्ही साका म्हणतो. झाडावर कळत नाही, पेटीत कळत नाही, दाबून कळत नाही. एक्सरेने ओळखायचे प्रयोग झालेत पण गिऱ्हाइक काय एक्सरे मशीन घेऊन फिरणारे का. शिव्या मात्र बागायतदाराला. म्हणून आम्ही आंबा पूर्ण पिकायची वाट न बघता १४ आण्याला (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळपास तयार असताना) काढतो, आणि काढल्यावर तापलेल्या कातळावर पडू देत नाही, लगेच सावलीत. तरी काही पेट्यांत निघतोच. वेंगुर्ल्याला नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' काढला त्यात साका नसतो, पण लोकांना नाव हापूसच हवं.

आता तुमच्या सुप्त आणि छुप्याच्या भांडणात मला मजा आली कारण दोन्ही एकाच आंब्यात असतात! साका हा छुपा. आणि करपा बुरशीची लागण ही सुप्त. करप्याची बुरशी हिरव्या फळावर बसून असते, काही करत नाही, आंबा पिकायला लागला की मग काळे डाग. आमच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांकडून मी त्यालाही लेटंट इन्फेक्शनच ऐकलंय.

व्युत्पत्तीवेडा
वा! धाग्याचं सार्थक झालं. साक्याला वकिलाचा लेटंट, करप्याला डॉक्टरांचा लेटंट.

गोळ्या_वेळेवर_घ्या
मान्य. जॉइंट हा साका आहे, करपा नाही. सुप्त मागे घेते. (पेटीचं काय?)

१४_आणे
पेटी मार्चअखेर. साक्याची गॅरंटी नाही 😀

नाना_फटिंग
आमच्या आज्याला इंग्रजी येत नव्हतं पण हा विषय पक्का होता. बैलबाजारात दात बघायचा, आदत आहे का दुसा का चौसा, खूर बघायचे, शेपटीचा गोंडा, खांदा सुजलाय का, दोन पावलं चालवून बघायचं. एवढं सगळं बघणाऱ्याचं काम, त्यात चूक झाली तर आपलं नशीब. पण बैल बशा आहे का हे कसं बघणार? बशा म्हंजे औताला जुंपला की मधेच बसणारा, मारा, शेपूट पिरगाळा, उठणार नाही. बाजारात उभा असतो तेव्हा राजबिंडा. म्हणून आजा रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला तरी वर तोंडी ठरवून घ्यायचा, आठ दिवस औताला जुंपून बघणार, बसला तर परत आणून बांधणार. विकणारा कबूल नाही झाला की आजा तिथूनच मागं फिरायचा, म्हणायचा त्याला ठाव हाय.

'त्याला ठाव हाय' हे वकीलसाहेबांच्या कलम ५५ मधलंच ना? विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही?

काळा_कोट
तेच. आजोबा तर कलमाच्या पुढे गेले, लेखी नसलं तरी हमी मागून घेतली. पण ५५ स्थावर मालमत्तेला लागतं, बैलाला माल विक्री कायदा.

खालचा_मजला_बरा
एक शंका. ताबा घेताना माणूस काय काय तपासणार? मी बाथरूममधे बादलीभर पाणी ओतून बघितलं होतं, उतार उलटा होता, पाणी मोरीकडे न जाता दाराकडे येत होतं, लगेच लिहून दिलं. तो पेटंट हे समजलं. पण टाइल आतून पोकळ आहे हे? वरून छान दिसते. नाणं वाजवलं की बद्द आवाज येतो. आता हा लेटंट की पेटंट? साधारण काळजीत नाणं वाजवणं येतं का?

मोरपिशी_पेन
माठ घेताना आपण टिचकी मारून वाजवतोच की. कलिंगडसुद्धा. मराठी माणसाच्या साधारण काळजीत वाजवून बघणं आलंच पाहिजे.

तिसरी_घंटा
माठ दोनशे रुपयांचा, वाजवायला एक. फ्लॅटमधे हजारभर टाइल्स, मागे बिल्डरचा माणूस घड्याळ बघत उभा. ती 'साधारण' काळजी नाही राहिली.

काळा_कोट
यावर दोन वकील दोन बाजूंनी बोलतील आणि दोघांनाही फी मिळेल. वस्तू कसली, घेणारा कोण, तपासायची संधी किती होती, हे सगळं बघावं लागतं. म्हणून तर 'साधारण' हा शब्द आहे तिथे. पण भिंतीत प्लास्टर आणि टाइलच्या मागे गाडलेला पाइप याबद्दल मला शंका वाटत नाही. घरमालकाने ताबा घ्यायच्या आधी भिंत फोडून बघावी असं कुणी म्हणणार नाही.

ओला_कांदा
मालवाहतुकीत आहे, न्हावा शेवा. आमच्यात अजून एक विशेषण येतं ते याच्यात मिसळू नका, इन्हेरंट. कंटेनरमधून कांदा पाठवला आणि वाटेत मोड आले, तर तो कांद्याचा स्वभाव. त्यात कुणाची लपवाछपवी नाही, कांदा आहे म्हणून मोड येणार. १९२४ च्या हेग नियमांत (समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम) जहाजवाल्याच्या सुटकेच्या यादीत ही दोन वेगवेगळी पोटकलमं आहेत, एक मालाच्या अंगच्या दोषाचं आणि दुसरं योग्य ती दक्षता घेऊनही न सापडणाऱ्या लेटंट दोषाचं. म्हणजे इन्हेरंटला मराठीत अंगचा, लेटंटला छुपा. बिल्डरने उद्या 'पाइप आहे म्हटल्यावर गळणारच' असं पत्र पाठवलं तर तो इन्हेरंटवर गेला समजा.

चिंचगुळाची_आमटी
बिल्डर आहे म्हटल्यावर गळणारच, हा इन्हेरंट

थेम्सकाठी_मिसळ
लंडनहून. इथे १९८६ चा लेटंट डॅमेज ॲक्ट म्हणून कायदाच आहे. तिथे लेटंट बाय डेफिनेशन उशिरा कळणार हे धरलंय, म्हणून कळल्यापासून ३ वर्षं मिळतात, पण वर झाकण म्हणून एकूण १५ वर्षांची मर्यादा, त्यापुढे कळलं तरी गेलं. म्हणजे सेक्रेटरी अगदीच वेडे नाहीत हां, 'उशिरा' हा अर्थात नसला तरी लेटंटच्या नशिबात असतोच.

आणि लॉ शिकणाऱ्या प्रत्येकाला ती गोगलगाय माहीत असते. १९२८, स्कॉटलंडमधलं पेझ्ली गाव, मे डॉनह्यू नावाच्या बाईला मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली, बाटली गडद काचेची, अर्धी प्यायल्यावर उरलेली ओतली तर त्यातून कुजलेली गोगलगाय. १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) म्हटलं की बाटली वाटेत कुणाला तपासता येणार नाही अशा स्थितीत गिऱ्हाइकापर्यंत जाते तर बनवणाऱ्यावरच काळजीची जबाबदारी. काच पारदर्शक असती तर? दुकानदाराला, बाईला, सगळ्यांना दिसलं असतं, मग पेटंट. सगळा खेळ काचेच्या रंगाचा. गोगलगाय खरंच होती का हे मात्र शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, बनवणारा वारला आणि प्रकरण मिटवलं गेलं.

नाना_फटिंग
गडद काच म्हंजे तुमच्या टाइल. कावळोबा हे लिहा पत्रात.

काळा_कोट
बोट शिवशिवतंय म्हणून अजून एक. दोषच नाही, संदिग्धताही लेटंट आणि पेटंट असते. १८७२ च्या पुरावा कायद्यात (आता २०२३ चा साक्ष्य अधिनियम) एक उदाहरण होतं, अ ने ब ला लिहून दिलं की 'माझं कलकत्त्यातलं घर' विकतो. वाक्य वाचलं तर स्वच्छ, काही खोट नाही. बाहेर बघितलं तर अ चं कलकत्त्यात घरच नाही, हावड्यात आहे आणि ब तिथे खरेदीखत झाल्यापासून राहतोय. ही लेटंट. आणि घोडा 'हजार रुपयांना किंवा पंधराशेला' विकतो असं लिहिलं तर वाचतानाच कळतं की घोळ आहे, ती पेटंट. कलमांत हे शब्द नाहीत, पण शिकवताना असंच शिकवतात.

मोरपिशी_पेन
मग 'लेटंट दोष' हे भाषांतर पेटंट संदिग्ध 😄

तरी कावळेदादा, सोसायटीतल्या आजीआजोबांना वाचायचंय ते, अप्रकट-बिप्रकट नको. 'झाकलेला दोष' आणि 'उघड दोष' लिहा.

तिसरी_घंटा
झाकलेलामधे कुणीतरी मुद्दाम झाकला असा वास येतो. लेटंटमधे हेतू नसतो, बिल्डरलाही माहीत नसेल कदाचित. मुद्दाम झाकला असेल तर तो वेगळा आरोप, तो सिद्ध करावा लागेल. छुपामधेही थोडा तोच वास.

गच्चीवरचा_कावळा
सरांचा मुद्दा पटला. सगळं वाचून रात्री बसून हे केलंय, बघा:

"बिल्डरच्या मते हा उघड दोष आहे, म्हणजे ताबा घेताना नीट पाहिलं असतं तर दिसला असता असा. आपलं म्हणणं असं की पाइपचा जॉइंट टाइल आणि प्लास्टरच्या आत आहे, तो कितीही नीट पाहिलं तरी दिसला नसता, म्हणून हा न दिसणारा दोष आहे. जॉइंट पहिल्या दिवसापासून सदोष होता, ओल नंतर आली. शिवाय रेरा कायद्याच्या कलम १४(३) मध्ये असा फरक केलेलाच नाही. ज्यांच्याकडे ओल आहे त्यांनी फोटो, तारीख आणि फ्लॅट नंबर रविवारपर्यंत कमिटीकडे द्यावा."

व्युत्पत्तीवेडा
'न दिसणारा दोष'. इतका साधा शब्द आणि आपण लॅटिनपर्यंत जाऊन आलो. झकास आहे, एकच सुचवतो, 'न दिसणारा' ऐवजी 'न दिसण्याजोगा' करा. वकीलसाहेब म्हणाले तसं, दिसला नाही आणि दिसण्यासारखा नव्हता यातच सगळं आहे.

काळा_कोट
+१. आणि रविवारनंतर ती यादी जोडून दुसरं पत्र पाठवा, आधीच्या पत्राचा संदर्भ देऊन. सहा घरांत जॉइंटचा तोच दोष आहे म्हणजे कारागिरीचा मुद्दा आपोआप येतो.

गच्चीवरचा_कावळा
बदल केला. सेक्रेटरींना दाखवलं, त्यांना पटलं, फक्त म्हणाले 'पेटंट घेतलेला दोष' कंसात राहू दे का, लोकांना बिल्डरचं पत्र वाचताना कळेल. हळूच काढून टाकलं. तासाभरापूर्वी अजून एका घरातून फोन आलाय, बी विंग, तिसरा मजला. सात झाली.